कयाकच्या स्प्रे स्कर्टची फीत आतच राहिली तर?
कयाक (वल्ह्याने चालवायची लहान अरुंद होडी) उलटली की स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेला घालून बसायच्या जागेचं तोंड झाकणाऱ्या आवरणाची, फीत ओढून सुटायचं, झालं, असं सांगतात. बरोबर, पण ओढायची कुठे? हात आपसूक पोटाकडे ओढतो आणि स्कर्टची कड कॉकपिटच्या (बसायच्या जागेच्या) काठावर तशीच अडकून राहते. फीत आधी पुढे ताणायची, कड सुटल्याचं हाताला कळतं, मग डेकपासून (होडीच्या वरच्या बाजूपासून) लांब खेचायची. हे सगळं पुढे वाकून. मागे रेललात की मांड्या जास्तच अडकतात आणि तळाशी खडक असतील तर तोंड त्यांच्या समोर. नंतर पाय झाडायचे नाहीत, कमरेशी हात टेकून पँट उतरवल्यासारखी बोट अंगावरून काढायची.

फीत स्कर्टखालीच राहिली तर काय, हे मात्र कुणी सांगत नाही. माझं एकदा झालंय. पाण्याखाली दोन-तीन सेकंद मी नसलेली फीत चाचपडत होतो. शेवटी कमरेजवळची कड चिमटीत धरून खेचली, तेव्हा सुटलो. (गुडघा जोरात वर रेटूनही काही सैल स्कर्ट निघतात, घट्ट रबराच्या कडेचे मात्र अवघडच.) तेव्हापासून किनारा सोडण्याआधी डोळे मिटून फीत एकदा पकडून बघतो. आणि हो, नाकात पाणी जातं; नाकातून हळूहळू हवा सोडत राहिलं की निभावतं.