तडजोड पुरसिसवर दबावाखाली सही केली, मोडता येईल का?

माहेरवाशीण : वडिलांच्या चार एकर बागायतीत वाटणी मिळावी म्हणून मी दावा लावला होता. फेब्रुवारीत आई आयसीयूत होती. दादाने दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन, पुढे केली : मला चार लाख, जमीन सगळी त्याची. "सही कर, नाहीतर आईच्या तोंडासमोर येऊ नकोस." दुसऱ्या दिवशी न्यायाधीश साहेबांनी कोर्टात विचारलं, मी "मान्य आहे" म्हटलं. आता काही होईल का?

खान्देशी : साहेबांसमोर हो म्हणालात ना? मग संपलं.

निवृत्त_शिरस्तेदार : संपलं कसं? ताई, हे लोकअदालतीत झालं की नेहमीच्या बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजात?

माहेरवाशीण : बोर्डावर.

निवृत्त_शिरस्तेदार : बरं झालं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, थेट हायकोर्टात रिट याचिका करावी लागली असती. तुम्ही फक्त नवा दावा लावू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3-अ ने ती वाट बंद केली आहे. अर्ज त्याच कोर्टात करायचा. बनवारीलाल विरुद्ध चंदोदेवी (1993) या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय. करार कायद्याने रद्द होण्याजोगी तडजोड मुळात कायदेशीरच धरायची नाही, असं नियम 3 च्या स्पष्टीकरणातच आहे.

आता दबावाचं. करार कायद्याच्या कलम 15 ची बळजबरी म्हणजे गुन्हा ठरेल असं कृत्य किंवा त्याची धमकी. दादाचं बोलणं वाईट खरं, पण त्यात बसवणं अवघड. त्याच कायद्याच्या कलम 16 चा अनुचित प्रभाव पाहा. तिथे दोन गोष्टी लागतात : त्याचा तुमच्यावर वरचष्मा होता, आणि त्याने त्याचा गैरफायदा घेतला. नुसता थोरला भाऊ आहे, एवढ्याने भागत नाही. वरचष्मा सिद्ध झाला आणि सौदा उघडउघड अन्यायाचा दिसला, तर मात्र दबाव नव्हता हे त्याने सिद्ध करायचं.

"माझ्यावर दडपण आणलं" एवढीच एक ओळ असलेले अर्ज मी ढिगाने पाहिलेत. दिवाणी संहितेचा आदेश 6, नियम 4 तपशील मागतो : कोण, कुठे, कधी, काय बोललं. कॅन्टीनसुद्धा लिहा. रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीची, नक्कल आधी काढा; साहेबांनी काय विचारलं ते त्यातच सापडेल. तुम्ही साहेबांसमोर "मान्य आहे" म्हणालात, तुमची खरी अडचण तीच आहे. आणि चार लाख खर्चलेत का?

माहेरवाशीण : नाही, खात्यात तसेच आहेत.

निवृत्त_शिरस्तेदार : हात लावू नका. वापरलेत तर तडजोड मान्य होती असं समोरचा म्हणेल. रक्कम कोर्टात जमा करायची तयारी अर्जातच लिहा.

सातारकर_वहिनी : आणि तलाठ्याकडून फेरफाराची (जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याची) नऊ नंबरची नोटीस आली असेल, तर मुदतीत लेखी हरकत द्या ताई. पोच घ्यायला विसरू नका.