गावातल्या घरी मुक्काम: तुमचे अनुभव लिहा

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण, म्हणजे आईबाबा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक, राजमाचीला दोन रात्री राहिलो. हॉटेलात नाही, तर उधेवाडीतल्या एका घरात. लोणावळ्याहून जीप केली होती. रस्ता कच्चा आहे आणि पंधरा-एक किलोमीटर अंतर हाडं खिळखिळी करतं, ज्येष्ठांना नेणार असाल तर हे आधी लक्षात घ्या. पोचलो तेव्हा काकू चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. परातीत हात फिरला की भाकरी गोल सरकायची, पाण्याचा हात पुसल्यासारखा वरून जायचा आणि ती तव्यावर. लेक अर्धा तास तिथून हलली नाही. तिसऱ्या भाकरीला काकूंनी पीठ तिच्या हातात दिलं. ती भाकरी नकाशासारखी झाली, पण बाबांनी तीच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर गेलो, संध्याकाळी दुसऱ्या, मनरंजनवर. आई भैरवनाथाच्या देवळापर्यंत आली आणि तिथेच सावलीत बसली. उल्हास नदीचं खोरं वरून दिसतं तेव्हा धुकं दरीत भरलेलं होतं आणि आम्ही उन्हात. एकच रात्र राहिलो असतो तर हे सगळं धावपळीत गेलं असतं. पहिला दिवस प्रवासाचा शीण घालवण्यात जातो, गाव दुसऱ्या दिवशी कळतं.

यंदा मार्चमध्ये परत कुठेतरी असंच जायचं आहे. आईबाबा बरोबर असतील. तुम्ही अशा घरांत राहिला असाल तर लिहा. काय केलं, काय खाल्लं, काय जमलं नाही, सगळंच. भाडं आणि खोल्यांचे फोटो इतरत्र मिळतात, मला राहिलेल्या माणसांचं ऐकायचं आहे.

*

मार्च म्हणालात म्हणून लगेच लिहितेय. वेळासला जा.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव. पण आता लोक येतात ते कासवांच्या पिल्लांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते, पिल्लांचं पुढे काय झालं ते ती बघत नाही. पूर्वी अंडी कोल्हे-कुत्रे उकरून खायचे, माणसंही न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण सुरू केली. आता घरट्यातली अंडी उचलून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात.

सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला टोपल्या उचलून बघतात. पिल्लं आली असतील तर दोरीच्या पलीकडे वाळूवर सोडतात. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या सकाळी एकाही टोपलीखाली काही नव्हतं. मुलगा रडवेला झाला. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या सकाळी चौथ्या टोपलीखाली वाळू हलताना दिसली. राखण करणाऱ्या दादांनी हात घालून एकेक पिल्लू काढलं, मोठ्याने मोजत. एकोणीस निघाली. तळहातापेक्षा लहान, पाठीवर वाळू चिकटलेली. पाण्याजवळ नेऊन ठेवत नाहीत, थोडं लांबून त्यांना स्वतः चालू देतात. एक पिल्लू दोनदा लाटेने उलटं मागे आलं. शंभरेक माणसं उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. तिसऱ्या लाटेला ते गेलं.

राहायची सोय गावातल्या घरांतच. खाली गाद्या, अंगणात सारवण, मागे सुपारीची वाडी, आंघोळीला बंबातलं पाणी. जेवण शाकाहारी आणि घरचं: फणसाची भाजी, कुळथाची पिठी, सोलकढी, सांगून ठेवलंत तर उकडीचे मोदक. मधल्या वेळात बाणकोटचा किल्ला बघून या. वेशवी-बागमांडला फेरीबोटीत गाडी चढवून हरिहरेश्वरलाही जाता येतं, मुलांना तो प्रवासच आवडतो. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर खाटेचं आणि कमोडचं आधी विचारा, सगळ्या घरांत नसतात.

*

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमचं घर मालवण तालुक्यात आहे. सासूबाई असताना मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या, निवास व न्याहारी योजनेत नोंद केली आणि तेव्हापासून पाहुणे येतात.

येणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच की आमचं घर चालू घर आहे. सकाळी साडेसहाला मी विहिरीवर असते, आठला घावणे तव्यावर. कुणी दहाला उठून छोले-भटुरे मागितले तर माझ्याकडे नसतात. आदल्या रात्री सांगा, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या हव्या तेवढ्या मिळतील. मासे मात्र सांगून ठरत नाहीत. लिलावाला जे येईल ते. सुरमई नाही मिळाली म्हणून नाराज होणारे पाहुणे बांगड्याचं तिखलं खाऊन दुसऱ्या दिवशी तेच परत मागतात, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

स्कुबा, पॅरासेलिंग हे सगळे सांगतात, मी पाहुण्यांना रापण बघायला पाठवते. होडी जाळं टाकत अर्धवर्तुळ फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि मग दोन्हीकडे माणसं ओळीने उभी राहून ओढतात. घाई करून चालत नाही, दोन्ही बाजू सारख्या यायला लागतात. कुणी पाहुणा हात लावतो म्हणाला तर नको म्हणत नाहीत. मागच्या वर्षी मुंबईच्या कॉलेजातल्या दोन मुली एक तास ओढत होत्या. तळहात सोलवटून घेऊन आल्या आणि पिशवीत मूठभर पेडवे, त्यांचा वाटा म्हणून दिलेले. इतक्या आनंदात होत्या की मी ते पेडवे वेगळे तळून त्यांच्याच ताटात वाढले.

सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळी लवकर जा. भर समुद्रात कुरटे बेटावर १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. त्या बघितल्याशिवाय परत येऊ नका. जून ते ऑगस्ट समुद्रातले खेळ बंद असतात, किल्ल्याच्या होड्याही. तेव्हा येणार असाल तर भातलावणी बघायला या.

मेमध्ये विहीर खाली जाते. पाहुणे शॉवर चालू ठेवून दात घासतात तेव्हा जीव कासावीस होतो. बोलायला संकोच वाटतो, म्हणून इथे लिहिलं.

*

वहिनी, तुमचं वाचून आमच्याकडून काय काय चुकलं असेल ते आठवत बसलो. पाण्याचं पुढच्या वेळी नक्की लक्षात ठेवीन.

माझा अनुभव अकोले तालुक्यातला, काजव्यांचा. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाळी हवा तयार झाली की दिसतात. पहिल्या वर्षी शनिवारी भंडारदऱ्याला गेलो आणि फार वाईट वाटलं. रस्त्यावर गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, मोबाइलचे टॉर्च, कुणीतरी गाणी लावलेली. काजव्याचा उजेड म्हणजे त्याची जोडीदाराला हाक असते. आपण तिथे दिवे लावले की ती हाक ऐकूच जात नाही. वन खात्याचे नियम आहेत, गाड्यांना वेळेची बंधनंही असतात, पण अंधाराचा मान आपणच राखायला हवा.

पुढच्या वर्षी मंगळवारी गेलो. पुरुषवाडीत एका महादेव कोळी कुटुंबात उतरलो. जेवणं लवकर आटपली: नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा. त्या घरातले बाबा म्हणाले, "बॅटरी खिशात ठेवा, माझ्या पायाकडं बघून चला." त्यांच्या पायात पांढऱ्या पट्ट्याची चप्पल होती. ती पट्टी बघत वीस मिनिटं चाललो. मग ते थांबले. समोर हिरड्याचं झाड. आधी खालच्या फांद्या लुकलुकल्या, मग ती लहर वर चढली, शेंड्याला पोचली आणि सगळं झाड एकदम विझलं. दोन श्वासांएवढा काळोख. मग पुन्हा खालून सुरू. शेजारचं ऐनाचं झाड थोड्या वेळाने त्याच्याच लयीत आलं. बायकोने माझा दंड धरला होता, तो कधी धरला ते मला कळलं नाही.

बाबा म्हणाले, पेरणीची तयारी करायची ती ह्यांच्याकडं बघून.

दुसऱ्या दिवशी बारी गावातून कळसूबाई केलं. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. वाट मळलेली आहे आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, सवय नसलेला माणूसही सावकाश तीन-साडेतीन तासांत जातो. मेमध्ये मात्र पहाटे पाचला निघा, दहानंतर खडक तापतो. साम्रदची सांदण दरी आम्ही मुद्दाम सोडली. पाऊस कधी येईल सांगता येत नव्हतं आणि त्या घळीत पाणी वरून येतं, बाहेर पडायला बाजू नाही. तिथे जायचं तर थंडीत जा, गावातला वाटाड्या घेऊन.

*

विदर्भातून कोणीच लिहिलं नाही, म्हणून चार ओळी. आम्ही अमरावतीचे. दर हिवाळ्यात चिखलदऱ्याला किंवा मेळघाटातल्या सेमाडोहकडे जातो. चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही, झाडं दाखवावी लागतात. गाविलगड एक अख्खा दिवस मागतो.

मात्र मनात राहिली ती बुद्धपौर्णिमेची मचाणावरची रात्र. वन खातं त्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसू देतं, आधी नोंदणी करावी लागते. आमच्या बरोबरचा कोरकू वाटाड्या रात्रभर फक्त बोटाने दाखवत होता. नऊच्या सुमारास रानगवे आले, सात. त्यांचं पाणी पिणं ऐकू येत होतं, इतकी शांतता. अडीच वाजता अस्वल. वाघ आला नाही, आणि त्याची कमी वाटली नाही. पांढरे-चकचकीत कपडे घालू नका आणि अत्तर लावू नका.

*

इथे एक वाईट अनुभवही नोंदवते, जागेचं नाव न घेता. मुंबईपासून तीन तासांवर. फोटोत चिऱ्याचं घर आणि नदी, प्रत्यक्षात पत्र्याच्या खोल्या आणि शेजारच्या मोकळ्या जागेत रात्री एकपर्यंत स्पीकर. नदीत "ट्यूबिंग" होतं, पण लाइफ जॅकेटचे बंद तुटलेले. माझ्या भाच्याला मी उतरू दिलं नाही आणि सगळ्यांचा रोष घेतला. आजही तसंच करीन. पाण्यातला कुठलाही खेळ असो, जॅकेट स्वतः घालून, ओढून बघा. आणि राहण्याआधी यजमानाशी एकदा फोनवर बोला. ते त्याच घरात राहतात का, एवढं विचारलं की बरंच कळतं.

*

मी इंग्लंडमध्ये असते. तिकडचा अनुभव चालेल ना?

एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीत लेक डिस्ट्रिक्टला, बॉरोडेलच्या खोऱ्यात, एक दगडी कॉटेज आठवड्यासाठी घेतलं होतं. जाड भिंती, पाटीच्या दगडाचं छप्पर, स्वयंपाक आपला आपण. मी तांदूळ, गोडा मसाला, कुकर सगळं नेलं होतं. घरात एक वही होती. आधी राहिलेल्या लोकांनी त्यात लिहून ठेवलेलं: चिखल कुठे असतो, कुठल्या दाराची कडी अडकते, पावसात मुलांना काय दाखवावं. पाऊस भरपूर होता. याच खोऱ्यातलं सिथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण आहे, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. माझं बालपण सावंतवाडीत गेलंय, त्यामुळे मला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं झालं.

तिथली पायवाट थेट शेतकऱ्याच्या कुरणातून जाते आणि त्यावरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. अट एकच, फाटक जसं होतं तसं सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. हर्डविक जातीच्या मेंढ्यांना तेव्हा कोकरं होत होती. कोकरं काळी कुळकुळीत जन्मतात आणि मोठी होताना राखाडी होत जातात. शेजारच्या शेतकरीण बाईंनी माझ्या मुलीला एका अनाथ कोकराला बाटलीने दूध पाजू दिलं. त्याची शेपटी इतकी हलत होती की मुलगी बाटलीपेक्षा शेपटीकडेच बघत होती.

कॅटबेल्स नावाची टेकडी केली, ४५१ मीटर. वरून डरवेंटवॉटरचं तळं दिसतं. शेवटी थोडं हातांनी धरून चढावं लागतं. वर पोचल्यावर वाऱ्यात डबा उघडून थालीपीठ खाल्लं. निघताना त्या वहीत मी मराठीत दोन ओळी लिहून आले. पुढे कुणी मराठी माणूस तिथे गेला तर वाचेल.

*

धागा सुरू करणारी मीच. सगळ्यांचे मनापासून आभार, आम्ही वेळासला जाऊन आलो.

खाट आणि कमोड असलेलं घर विचारून घेतलं. वरचा सल्ला नसता तर आईचे हाल झाले असते. तीन रात्री राहिलो. पहिल्या दोन दिवसांत चार वेळा किनाऱ्यावर गेलो आणि चारही वेळा टोपल्या रिकाम्या. आईला वाळूतून चालवेना, म्हणून ती गेलीच नाही. ती घरच्या काकूंबरोबर पडवीत बसून सुपाऱ्या सोलायची. दोघींचं माहेर खेड तालुक्यातलं निघालं, मग तर विषयच संपेनात.

तिसऱ्या सकाळी काकूंचा मुलगा हाका मारत आला की आज आलीत. त्याने आईला बाइकवर मागे बसवून किनाऱ्याच्या तोंडापर्यंत आणलं आणि तिथून बाबांनी आणि त्याने हात धरून दोरीपर्यंत. लेकीने आजीला पुढे जागा करून दिली. सहा पिल्लं होती. आई शेवटचं पिल्लू दिसेनासं होईपर्यंत उभी राहिली आणि मग म्हणाली, "काकूंना सांगायला हवं, सहा."