'वादग्रस्त' माणूस की 'विवाद्य' माणूस?

शाईपेन: एक लेख मराठीत करतेय. विषय: अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नोटेवर अँड्र्यू जॅक्सन ठेवावा की काढावा. 'वादग्रस्त माजी राष्ट्राध्यक्ष' लिहिलं, तर संपादक म्हणतात, जमीन वादग्रस्त असते, माणूस नाही. शिवाय अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हलवणाऱ्या त्याच्या १८३० च्या कायद्याला मी 'स्थलांतर कायदा' म्हटलंय, तेही मलाच खटकतंय. काय करू?

बारभाई: संपादक बरोबर आहेत. माणूस 'विवाद्य'.

घाटावरचा: विवाद्य कोण बोलतं हो? सगळे पेपर वादग्रस्तच छापतात.

बारभाई: पेपर 'कार्यक्रम संपन्न झाला' असंही छापतात.

कोयनाकाठ: ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. आम्ही धरणग्रस्त, आम्हाला विचारा. जॅक्सनला कशाने ग्रासलं होतं? ग्रासलेले ते चेरोकी, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक जमात. आणि ताई, 'स्थलांतर' तेवढं काढा. स्थलांतर पक्षी करतात. कागदोपत्री आमचंही 'स्थलांतर'च झालं, पण आजी शेवटपर्यंत "आम्हाला उठवलं" असंच म्हणायची.

शाईपेन: 'उठवणे' छान आहे, पण कायद्याच्या नावात कसं बसवू?

घाटावरचा: 'हकालपट्टी कायदा' करा.

बारभाई: हकालपट्टी पक्षातून होते. 'निष्कासन' म्हणा.

कोयनाकाठ: निष्कासन म्हटलं की कुणाला काही लागतच नाही. १८३८ च्या हिवाळ्यात बायकापोरांसकट चालवत नेलं, सुमारे ४,००० माणसं मेली असं मानतात. त्याला निष्कासन?

शार्लटकर: मी नॉर्थ कॅरोलायनात असतो. इथल्या चेरोकींपैकी काहीजण विसाची नोट हातात घ्यायचं टाळतात, दहाच्या दोन मागतात, असं ऐकलंय. तरी दुसरी बाजूही लिहा: १८१५ ची न्यू ऑर्लिन्सची लढाई त्याने जिंकली आणि १८३५ मध्ये देशाचं कर्ज पूर्ण फेडलं. ते पुन्हा कुणाला जमलेलं नाही.

कोयनाकाठ: मळ्यावर गुलाम राबत होते, तेही लिहायला सांगा की.

घाटावरचा: गंमत म्हणजे याला कागदी पैशाचाच तिटकारा. १८३२ मध्ये राष्ट्रीय बँकेची सनद वाढवणारं विधेयक नाकारलं, १८३६ मध्ये हुकूम काढला की सरकारी जमीन हवी तर सोनं-चांदी मोजा. आणि १९२८ मध्ये दुसरा माजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड, त्याला काढून याला बसवला कुठे, तर नोटेवर! सूड म्हणावा तर हा. २०१६ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमनला पुढे आणून याला मागच्या बाजूला ढकलायचं जाहीर झालं, पण अजून जागा सोडलेली नाही.

शार्लटकर: म्हणजे त्याला खणखणीत नाणं हवं होतं. 'नाणं' आलं कुठून पण?

बारभाई: संस्कृत नाणक. मृच्छकटिकात आहे.

घाटावरचा: आणि नाणक कुठून? कुशाणांच्या नाण्यांवर 'नाना' देवीचं नाव असायचं, त्यावरून.

बारभाई: कानाला सारखं लागलं की व्युत्पत्ती होत नाही. उद्या नाना फडणवीसही आणाल.

घाटावरचा: नाव नाण्यावर कोरलेलं आहे, आणखी काय हवं?

बारभाई: देवीच्या नावाला 'क' कुठून चिकटला ते आधी सांगा.

शाईपेन: उद्या सकाळी लेख द्यायचाय हो…

घाटावरचा: ताई, दोन मिनिटं. बारभाई, 'बाल'चं 'बालक' होताना 'क' कुठून येतो?