बहात्तरच्या दुष्काळातील जन्म आणि पन्नाशीनंतरचा मधुमेह: खरोखर संबंध असतो का?

महालवासी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. बहात्तरच्या दुष्काळात आई पोटुशी असतानाही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे, आणि घरात खायला असे ते म्हणजे रेशनची लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. पुढे वडिलांना नागपुरात गिरणीत काम मिळाले, आम्ही तिथल्या महाल भागात राहायला आलो आणि धाकट्या भावाचा जन्म १९८१ मध्ये इथेच झाला.

मी लहानपणापासून काडीपैलवान. आजही माझे वजन कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखे नाही, पोट तेवढे सुटले आहे. तरीही गेल्या वर्षीच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) ७.८ निघाले, म्हणजे मधुमेह. आई-वडिलांपैकी कोणालाही मधुमेह नव्हता. भाऊ माझ्यापेक्षा चांगला जाडजूड असूनही त्याची साखर व्यवस्थित आहे. डॉक्टरांनी "खाणे कमी करा" एवढेच सांगून गोळी लिहून दिली.

आईच्या पोटात असताना सोसलेल्या उपासमारीचा पन्नास वर्षांनंतरच्या आजाराशी संबंध जोडणे शास्त्राला धरून आहे, की ही केवळ मनाची समजूत? आणि संबंध असेलच, तर या वयात काही करण्यात अर्थ उरतो का?

निवृत्त प्राध्यापक, सामाजिक वैद्यकशास्त्र (धरमपेठ)

आपला प्रश्न पूर्णपणे शास्त्राला धरून आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये जर्मन नाकेबंदीमुळे माणशी शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला होता. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा गर्भावस्थेच्या मधल्या व शेवटच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांमध्ये ग्लुकोज घेतल्यानंतरची साखर इतरांपेक्षा जास्त आढळली. ज्यांना केवळ सुरुवातीच्या महिन्यांत झळ लागली होती, त्यांचे जन्मवजन नेहमीसारखे असूनही त्यांच्यात पुढे हृदयविकाराचे प्रमाण अधिक निघाले. म्हणजे जन्माच्या वेळी काट्यावर दिसणारा आकडा सारे काही सांगत नाही.

आपल्याकडचे काम मला याहून महत्त्वाचे वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, परंतु सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती: स्नायू आणि पोटातील अवयव बरेच कमी भरलेले, तर त्वचेखालची चरबी मात्र तुलनेने राखलेली. अन्न तुटपुंजे असते तेव्हा गर्भ मेंदूला झुकते माप देतो आणि स्नायू, स्वादुपिंड व मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी येते. रक्तातील साखर खर्च करण्याचे मोठे ठिकाण म्हणजे स्नायू, आणि इन्सुलिन तयार होते ते स्वादुपिंडात. हे दोन्ही मुळात कमी असले तर माणूस दिसायला सडपातळ असूनही त्याची साखर वाढू शकते. "लठ्ठ नाही, मग मधुमेह कसा?" हा प्रश्न आपल्याकडे वारंवार ऐकू येतो, त्याचे निदान अर्धे उत्तर इथे सापडते.

उरलेले अर्धे उत्तर जन्मानंतरच्या वर्षांत आहे. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या, म्हणजे जवळजवळ आपल्याच पिढीतील मुलांचा पाठपुरावा पुढे तरुणपणापर्यंत केला गेला आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना तिशीच्या आसपास मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ती मुले दोन वर्षांची होईपर्यंत बारीक होती आणि त्यानंतर त्यांचे वजन उंचीच्या मानाने भराभर वाढत गेले होते. बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी कोणीही लठ्ठ नव्हते. केवळ सुरुवातीची टंचाई किंवा केवळ नंतरची सुबत्ता यांपेक्षा एकामागून दुसरी येणे शरीराला अधिक जड जाते, असे यावरून म्हणता येते. बीडमधील मिलो आणि पुढे नागपुरातील शहरी राहणी, हा क्रम आपल्या बाबतीत तसाच दिसतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. नेदरलँड्समधील तो दुष्काळ काही महिन्यांचा होता, त्याच्या आधी व नंतर लोक पोटभर जेवत होते. आपल्याकडील कष्टकरी घरांत ओढगस्त आधीही होती आणि नंतरही राहिली. शिवाय बहात्तरमध्ये दुष्काळी कामांमुळे आणि धान्यवाटपामुळे मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले. त्यामुळे तिकडचे निष्कर्ष इकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुसरे, हे सर्व समूहाविषयीचे ज्ञान आहे. एका विशिष्ट माणसाला एका विशिष्ट कारणामुळेच आजार झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही. भावाच्या उदाहरणावरही फार भिस्त ठेवू नये. ते आपल्याहून आठ वर्षांनी लहान आहेत, त्यांनी तपासणी चालू ठेवावी.

आता काय करावे, हे थोडक्यात. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानतात. वजनकाट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. सडपातळ माणसाने नुसते खाणे तोडले तर उरलेसुरले स्नायूही झडतात, म्हणून अंबाझरी तलावावर फेऱ्या मारण्याबरोबरच वजन उचलण्याचे किंवा उठाबशांसारखे ताकदीचे व्यायाम करावेत आणि जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी यांचा वाटा वाढवावा. मूत्रपिंडातील गाळण्यांची संख्या जन्माआधीच ठरते, त्यामुळे रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

तर्रीप्रेमी

सरांचे विवेचन उत्तम आहे, तरी एक शंका. सगळे गर्भावर आणि दुष्काळावर ढकलले, की सकाळची तर्री-पोह्यांची प्लेट, दुपारचा समोसा आणि दिवसभराची खुर्ची आपोआप निर्दोष सुटतात. माझे बालपण खाऊनपिऊन सुखी घरात गेले आणि साखर मलाही आहे.

समुपदेशक (प्रतापनगर)

तर्रीप्रेमी यांचा मुद्दा रास्त आहे. मात्र माणूस कोणत्या सवयींकडे वळतो, यावरही बालपणाची छाया असते. या चर्चेत अन्नाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, भीतीबद्दल कोणी लिहिले नाही. अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९९५ ते १९९७ दरम्यान सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्यात आले: छळ, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन किंवा मानसिक आजार, कुटुंबातील कोणाचा तुरुंगवास. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या निष्कर्षांनुसार, असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव घेतलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट होता. हृदयविकाराचे प्रमाणही अनुभवांच्या संख्येबरोबर चढत गेले होते. यात आठवणींवर विसंबावे लागते ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे, आणि अशा अनुभवांची संख्या मोजून एखाद्याचे भविष्य सांगणे तर सर्वस्वी चूक आहे.

माझ्याकडे येणारी पन्नाशीतील माणसे बहुधा झोप लागत नाही किंवा छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन येतात. "घरी वडील पिऊन आले की आम्ही भावंडे मागच्या दाराने बाहेर पडत असू," हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तेही चहाचा कप खाली ठेवता ठेवता, सहज बोलल्यासारखे येते. शरीराची धोक्याची यंत्रणा बालपणी वर्षानुवर्षे चालू राहिली, तर मोठेपणीही ती लवकर जागी होते आणि उशिरा शांत होते. कॉर्टिसोल हे त्या यंत्रणेतील संप्रेरक रक्तातील साखरही वाढवते, त्यामुळे मधुमेहाच्या चर्चेत हा विषय परका नाही.

तरीही वय वाढले म्हणून दार बंद होते, असे नाही. रुमानियातील अनाथालयांमधील मुलांवरच्या अभ्यासात वयाची दोन वर्षे होण्याआधी सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात गेलेल्या मुलांना अधिक लाभ झाला हे खरे, परंतु उशिरा गेलेल्यांनाही काहीच मिळाले नाही असे घडले नाही. प्रौढांच्या झोपेवर, व्यसनावर आणि नैराश्यावर उपचार होतात आणि त्यांचा उपयोगही होतो.

महालवासी

आपणा सर्वांचा आभारी आहे. टेप आणून कमर मोजली, ९६ सेंटिमीटर भरली. एक उपप्रश्न विचारतो. माझ्या मुलीला तिसरा महिना आहे, ती पूर्णपणे शाकाहारी आहे आणि बांध्याने माझ्यावरच गेली आहे. तिच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी?

निवृत्त प्राध्यापक, सामाजिक वैद्यकशास्त्र (धरमपेठ)

अभिनंदन. तिची साखर आताच तपासावी आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासावी. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात, त्यासाठी उपाशीपोटी असणे आवश्यक नसते. आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला तर स्त्रीरोगतज्ज्ञ पुढचे ठरवतील. हिमोग्लोबिनबरोबर बी-१२ हे जीवनसत्त्वही तपासून घ्यावे, कारण शाकाहारी स्त्रियांमध्ये त्याची कमतरता सर्रास असते आणि केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी ती भरून निघत नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात आईचे बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिडचेच जीवनसत्त्व) जास्त असलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध, म्हणजे इन्सुलिनचा शरीरावर कमी परिणाम होणे, अधिक दिसला होता. बाळ बारीक जन्मले तर वरचे दूध, साखर आणि तूप घालून त्याला घाईने गुटगुटीत करण्याचा आग्रह घरात कोणी धरू नये. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. आजी-आजोबांना हे पटवून देणे अवघड जाते, तेव्हा ते काम आपणच अंगावर घ्यावे.