भोगू दे म्हणणं सोपं आहे

"सिगारेटच्या पाकिटावर कर्करोगाचा फोटो असतो, तरी माणूस ओढतो, मग भोगू दे की, सरकार कशाला मध्ये?" हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण सज्ञान माणसाने शांत डोक्याने निवड केली, असं तो धरून चालतो. बहुतेकांना सवय लागते ती विशीच्या आत. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि पुढची सिगारेट मौजेपेक्षा तलफ भागवायलाच ओढली जाते. त्यात स्वेच्छा कितीशी उरली?

शिवाय माहिती दडपणारे कोण होते? डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्येच धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. तरी १९९४ साली सात अमेरिकन तंबाखू कंपन्यांचे प्रमुख संसदीय समितीपुढे शपथेवर सांगत होते, की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही! जबाबदारीचे धडे फक्त गिऱ्हाइकानेच गिरवायचे का?

दुसऱ्याच्या धुराबद्दल तर वादच नको. बारमध्ये पाळीभर ग्लास पुसणाऱ्या वेटरने तो धूर निवडलेला नसतो. आयर्लंडने २००४ मध्ये कामाच्या बंदिस्त जागी धूम्रपान बंद केलं, ते अशा कामगारांसाठीच.

सरसकट बंदीला मात्र माझाही विरोध आहे. भूतानने २००४ मध्ये विक्री बंद केली, चोरटा माल येतच राहिला, शेवटी २०२१ मध्ये ती बंदी उठवावी लागली. त्यापेक्षा कर वाढवा, जाहिराती बंद ठेवा आणि सोडू पाहणाऱ्याला उपचार फुकट द्या. घरात एकटा बसून कोण काय ओढतो, त्यात सरकारने नाक खुपसू नये. शेजारी मूल असेल तर गोष्ट वेगळी.