ब्राउन बेल्ट होता, तरी गंठण गेलं. आता मुलीला मर्दानी खेळाला घालू का?

राजारामपुरी_आठवी_गल्ली:

गेल्या महिन्यातली गोष्ट. कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईतून भाजी घेऊन निघाले होते, संध्याकाळचे साडेसात. गाडी जरा लांब लावली होती म्हणून गल्लीतून चालत होते. मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्या पोरानं हात घातला आणि गंठण तोडून नेलं. मानेवर वळ उठला, आठ दिवस ओढणी गुंडाळून फिरले. पावणेदोन तोळ्यांचं होतं, सासूबाईंनी घातलेलं.

आता लाज वाटते ते सांगते. शाळा-कॉलेज मिळून मी आठ वर्षं कराटे शिकलेय. ब्राउन बेल्ट. शोकेसमध्ये मेडल आहे. आणि त्या वेळी मी काय केलं? दोन्ही हातांत पिशव्या होत्या, एकीत मेथी-कोथिंबीर, दुसरीत दोन किलो टोमॅटो. त्या मी सोडल्याच नाहीत, उलट घट्ट धरल्या. ओरडलेही नाही. ते दोघं गल्लीच्या टोकाला पोचल्यावर माझ्या तोंडून "अहो!" असं निघालं. चोराला अहो! घरी येऊन बघते तर टोमॅटो एकही फुटला नव्हता.

पोलिसांत तक्रार दिलीय, तो विषय नाही. प्रश्न मुलीचा आहे. आठवीत आहे, पुढच्या वर्षीपासून क्लासहून एकटी येणार. तिला मैत्रिणींबरोबर पेठेतल्या एका आखाड्यात लाठीकाठी आणि दांडपट्टा शिकायचाय. नवरा म्हणतो, "तू आठ वर्षं शिकून काय दिवे लावलेस?" सासूबाई म्हणतात, जाऊ दे, ताराराणीच्या गावातली पोर आहे. मला दोघांचंही पटतं, तीच पंचाईत.

अशा पारंपरिक गोष्टी रस्त्यावर खरंच कामाला येतात का? स्वतः शिकलेलं किंवा शिकवणारं कोणी असेल तर सांगा. "आत्मविश्वास वाढतो" हे उत्तर नको. माझाही भरपूर वाढला होता.

पेठकरी:

ताई, मी शिवाजी पेठेतला. दिवसा शिरोलीला फौंड्रीत, संध्याकाळी तालमीच्या पटांगणात पोरापोरींचे हात बसवतो. लाठी हातात धरून एकतीस वर्षं झाली. तेव्हा हे माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय असं समजा. (धंदा कसला, दसऱ्याला नारळ घेतो.)

शिवजयंतीच्या मिरवणुकीत आम्ही दाखवतो ते बघून तुमच्या पोरीला हौस आली असणार. डोळ्यांवर पट्टी बांधून दांडपट्ट्यानं लिंबू कापणं वगैरे. ते खोटं नाही बरं का. पट्ट्याला कोपरापर्यंत लोखंडी खोबळा असतो, त्यात मनगट वळतच नाही, सगळा वार खांद्यातनं आणि कमरेतनं काढावा लागतो. तिथवर यायला वर्षं जातात. पण लिंबू जागचं हलत नाही. शिवी देत नाही, गळा धरत नाही.

आमच्यात याच्यावर मुळातच उपाय होता, फरी-गदका. फरी म्हणजे छोटी ढाल, गदका म्हणजे चामडं चढवलेली काठी. त्यात समोरचा खरंच मारतो आणि आपल्याला खरंच चुकवावं लागतं. माझ्या डाव्या कानाची पाळी त्यातनंच फाटलीय. आता आमच्याकडं गदका वर्षातनं चार-पाचदा खाली निघतो, कारण कार्यक्रमात तो रंगत नाही. दोघं घामाघूम होऊन एकमेकांना हुकवतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. दोन्ही टोकं पेटवलेली काठी, म्हणजे आगीची बनाटी, फिरवली की मात्र टाळ्या. आमचं नुकसान टाळ्यांनी केलं, हे मी तालमीत उघड बोलतो आणि शिव्या खातो.

तुमच्या कराट्याचंही तसंच झालंय. पॉइंटच्या फाईटीत जोरात लागलं तर मारणाऱ्यालाच ताकीद मिळते. म्हणजे आठ वर्षं तुम्ही मूठ नाकाच्या अलीकडं थांबवायची सवय केली. उत्तम झाली की सवय.

जपानात जिगोरो कानोनं १८८२ साली ज्यूदो काढला, तेव्हा जुजुत्सू या तिथल्या जुन्या झुंजीच्या कलेतले घातक डाव मोकळ्या झुंजीतनं बाजूला ठेवले. ऐकायला वाटतं, कला मऊ करून टाकली. झालं उलटंच. मोडतोडीची भीती कमी झाली म्हणून पोरं रोज पूर्ण ताकदीनं एकमेकांना फेकू लागली, आणि नाही म्हणणाऱ्या अंगाला फेकायचं कसं ते शिकली. आपल्या कुस्तीत हे पहिल्यापासून आहे. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतलं पोर रोज कुणाच्या तरी खाली अडकतं आणि सुटतं. मनगट धरलं तरी गडबडून न जाणारा माणूस मला लाठीवाल्यांत कमी दिसतो, मातीतल्यांत जास्त.

माझ्यावर खरी वेळ एकदाच आली. रंकाळ्यावर, रात्री दहाच्या सुमारास, गाडी घासली म्हणून दोघं प्यालेले अंगावर आले. एकानं कॉलर धरली. लाठी घरात, पंख्याशेजारी. मी कोपर आत घेऊन त्याच्या हाताची पकड तोडली (हे लहानपणी मातीत शिकलेलं) आणि पळालो. एक चप्पल तिथंच राहिली. नवी कापशी होती, साडेआठशेची. पण लाठीचं एक तेव्हा उपयोगी पडलं, ते म्हणजे पवित्रा. लाठी आम्ही एकाला समोर धरून शिकवत नाही, चौघांनी घेरलंय असं धरून चारी दिशांना फिरवतो. दुसरा गडी डावीकडनं येतोय हे डोक्याच्या आधी पायांना कळलं.

त्यानंतर पोरींच्या तुकडीत शनिवारी मी लाठ्या भिंतीला लावायला लावतो. पाठीवर दप्तर, पायात चप्पल, दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत बटाटे. मोठी पोरगी मागनं येऊन दप्तर ओढते. पहिलं काम पिशवी टाकायची, दुसरं ओरडायचं, तिसरं उजेडाकडं पळायचं. तुम्हाला खोटं वाटेल, पहिले तीन-चार शनिवार पिशवी कुणीच टाकत नाही. एकीनं तर खाली बसून हळूच ठेवली. ओरडायला त्याहून वेळ लागतो. पोरींना घरात इतकी वर्षं "हळू बोल" सांगितलेलं असतंय, ते एका शनिवारात कसं निघणार.

पोरीला पाठवा. पण तिथल्या वस्तादांना आधी विचारा, समोरचा खरंच मारतो असा सराव तुमच्यात कुठल्या वारी असतो? उत्तर आलं नाही तर खेळ म्हणून पाठवा. खेळ देखणा आहे, दम वाढतो.

मोकळी_मूठ_नाशिक:

पेठकरींचं बरंचसं मान्य, पण सगळं कराटे एका पोत्यात घालू नका. क्योकुशिन या कराट्याच्या शाखेतले पोटावर-छातीवर खरे ठोसे खातात, मी सोळा वर्षं खाल्लेत. तोंडावर मुठीनं मारायला तिथंही मनाई आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आणि ताईंनी स्वतःला उगाच दोष देऊ नये. मागून चालत्या गाडीवरून हात आला तर मुहम्मद अलीचंही गंठण गेलं असतं. तिथं डाव नसतो, त्याच्या आधीचा अर्धा मिनिट असतो. समोरून येणारी वाहनं दिसतील त्या बाजूनं चालायचं, मागे गाडीचा आवाज मंदावला की वळून बघायचं. आम्ही हे क्लासमध्ये शिकवत नाही, कारण यावर बेल्टची परीक्षा घेता येत नाही.

स्कूटीवरून_तीनदा:

ज्यूदोबद्दल एक पुरवणी. पुण्यात चार वर्षं शिकले, आजवर कोणी अंगावर आलेलं नाही. पण पावसात सिंहगड रस्त्यावर स्कूटी घसरली तेव्हा हनुवटी आपोआप छातीला लागली आणि हात टेकवून पडण्याऐवजी मी खांद्यावरून लोळले. पहिले दोन महिने नुसतं पडायलाच शिकवतात, कंटाळून मी सोडणार होते. मनगट वाचलं. माझ्यापुरतं स्वसंरक्षण एवढंच झालंय.

ओंटारियोची_माई:

मी इथे विद्यापीठात नोकरी करते, म्हणून एक अभ्यास माहीत आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली घेतल्या. साधारण निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण, बाकीच्यांना नेहमीची माहितीपत्रकं. वर्षानंतर पत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के निघालं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं.

मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्या बारा तासांत हातपाय चालवणं हा एक भाग होता. बाकी वेळ ओळखीच्या माणसावर. वर्गमित्र, मैत्रिणीचा भाऊ, पार्टीत घरी सोडतो म्हणणारा. धोका बहुतेक वेळा तिकडूनच येतो, आणि तिथं मुलींना अडवते ती ताकदीची कमी नाही, "त्याला वाईट वाटेल" ही भीड. पेठकरींच्या "हळू बोल"चाच हा मोठा भाऊ. राजारामपुरीताई, मोटारसायकलवाला तुमच्या मुलीला आयुष्यात एकदा भेटेल किंवा भेटणारही नाही. भीड रोज भेटेल. आखाड्यात घाला, पण हे बोलणं घरातच व्हायला हवं, वस्तादांवर सोपवू नका.

कोर्टाची_पायरी:

कायद्याचं थोडक्यात, कारण लाठीचा विषय निघालाय. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (पूर्वीच्या भादंविची ९६ ते १०६). कलम ३७ सांगतं, बचावाला लागते त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. म्हणजे हात सोडवायला मारलेला फटका चालेल, तो खाली पडून गप्प झाल्यावर मारलेला चौथा फटका तुमच्या अंगावर येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश असेल तर लाठी घेऊन रस्त्यावर जाणंही अडचणीचं. आणि ताई, तक्रारीत नुसती चोरी लिहिली आहे का ते बघा. जबरीनं हिसकावणं हा आता वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४.

जाळीतला_गडी:

लाठी-बिठी सगळं नाचकाम आहे. २०१७ साली चीनमध्ये एका एमएमएवाल्यानं (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं ती जाळीतली झुंज) ताई ची मास्टरला काही सेकंदांत झोपवला, व्हिडिओ बघा. मुलीला एमएमएला घाला, विषय संपला.

पेठकरी:

बघितलाय व्हिडिओ, तालमीत पोरांना दाखवलाही. त्या मास्टरला बहुतेक कोणी खरंच मारलंच नव्हतं तोवर. माझं वरचं म्हणणं हेच आहे की. पण तुमच्या जाळीत दुसरा गडी मागनं येत नाही, आणि हातात मेथी नसते.

राजारामपुरी_आठवी_गल्ली:

सगळ्यांचे आभार. तक्रारीची प्रत काढून बघितली, उद्या परत चौकीत जाणार आहे. माई, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचायला दिला. ती म्हणाली, "हे मला माहितीय." मग अर्धा तास बोलत बसली. कुणाबद्दल ते इथं लिहीत नाही.

आखाड्यात जाऊन आलो. पेठकरीदादा, तुम्ही सांगितलेला प्रश्न वस्तादांना विचारला. ते जरा थांबले, मग म्हणाले, "गुरुवारी, कार्यक्रम जवळ नसला तर." खरं बोलले म्हणून फॉर्म भरला.

तोवर पिशव्यांचा सराव घरच्या गच्चीवर चालू केलाय. मुलगी आणि मी, आणि मागून ओढायला सासूबाई. हे काम त्यांनी फारच आनंदानं घेतलंय. मुलीनं तिसऱ्या वेळी पिशवी टाकली, मी सहाव्या. दोन बटाटे पन्हाळीतून खाली गेले. ओरडताना मात्र माझ्या तोंडून परत "अहो!"च निघालं, आणि "काय गं?" म्हणत हे वर आले.