मॅनेजरला एक्झिक्युटिव्ह कोच लावावा का? पैसे वसूल होतात का खरंच?

भोसरीचा_मशीनवाला:
नमस्कार मंडळी, एमआयडीसीत आमचं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचं) जॉबवर्कचं युनिट आहे, बाबांनी सुरू केलेलं, ६५ माणसं. प्रॉडक्शन मॅनेजर ऑपरेटरपासून वर आलाय, कामात वाघ, पण वर्षभरात त्याच्या हाताखालचे ३ सुपरवायझर सोडून गेले. ओळखीतून एक एक्झिक्युटिव्ह कोच (मॅनेजर लोकांशी बोलून त्यांची काम करायची पद्धत सुधारायला मदत करणारा) सुचवलाय, ६ महिने, दर १५ दिवसांनी सेशन. फी ऐकून बाबा म्हणाले एवढ्यात सेकंडहँड कॉम्प्रेसर येईल, गप्पा मारायचे कसले पैसे. कुणाला अनुभव आहे का?

रात्रपाळी:
मी स्वतः घेतलंय, चाकणला प्लांट हेड होतो तेव्हा. पहिली ३ सेशन टाइमपास वाटली, कोच मॅडम काही सांगायच्याच नाहीत, नुसते प्रश्न. मग एकदा सकाळच्या मीटिंगला कोपऱ्यात बसल्या आणि नंतर कागद पुढे सरकवला, त्यावर फक्त उभ्या रेघा, १७. वीस मिनिटांत मी १७ वेळा समोरच्याचं बोलणं तोडलं होतं. बायको हेच दहा वर्षं सांगत होती, पण ते फुकट होतं ना. मग ठरलं, कुणी प्रॉब्लेम घेऊन आला की आधी "तुला काय वाटतं" विचारायचं आणि गप्प बसायचं. लय अवघड. पोरं महिनाभर नुसती तोंडाकडे बघायची, सरांना बरं नाही की काय. पण दिवाळीनंतर रात्रीचे फोन कमी झाले, टूल तुटला, सेटिंग हललं की आपापसात निपटवायला लागले. कंपनीचा फायदा म्हणाल तर हा, आणि माझी झोप.

एचआरवाली_ताई:
कोच निवडताना आयसीएफचं (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, कोच लोकांची जागतिक संस्था) सर्टिफिकेट बघा. त्याच्या तीन पायऱ्या, एसीसीला किमान १०० तास कोचिंग केलेलं लागतं, पीसीसीला ५००, एमसीसीला २५००. नाहीतर लिंक्डइनवर कोच पैशाला पासरी मिळतात. आणि सेशनमध्ये काय बोलणं झालं ते मालकाला कळता कामा नये हे आधीच लेखी ठरवा, तुम्हाला फक्त ध्येय काय नि सेशन किती झाली एवढंच. नाहीतर तो मनातलं बोलणारच नाही. पहिली ओळखीची भेट बरेच जण फुकट देतात, ती घ्याच.

सडेतोड:
आधी गेलेल्या तिघांना फोन लावा. पगारावरून गेले असतील तर कोच काय करणार, डोंबल? बाकी कोच फक्त कच्च्या माणसालाच लागतो असं नाही, गूगलचे तेव्हाचे सीईओ एरिक श्मिट यांना २००१ मध्ये कोच घे म्हटल्यावर तेही आधी वैतागलेच होते, मग बिल कॅम्पबेल आले, जे मूळचे कोलंबिया युनिव्हर्सिटीचे अमेरिकन फुटबॉलचे कोच.

भोसरीचा_मशीनवाला:
फोन केला. एक म्हणाला पगाराचं काही नव्हतं, पण रिजेक्शन (नापास झालेला माल) कुणाचंही असो, सगळ्यांसमोर शिव्या मीच खायचो. मग मॅनेजरजवळ कोचचा विषय काढला तर त्याचं पहिलं वाक्य, "माझं काय चुकलं, साहेब?" ही शिक्षा नाही हे समजावण्यात अख्खी संध्याकाळ गेली. शनिवारी पहिली भेट आहे, फुकट आहे म्हटल्यावर बाबापण येतो म्हणतायत.